रूपभेद आणि पाठभेद : पडद्यावरील अक्षर व छापील अक्षर

१

प्रबंधलेखनाचे काम आता संगणकाच्या पडद्यावरच सुरू होते आणि बहुतेक वेळा तेथेच पुरे होते. कागद येतो तो अखेरीस. पडद्यावर रेखीव दिसलेले पान छापून हाती आले, की अक्षरे किंचित बारीक भासतात, ओळी निराळ्या ठिकाणी मोडलेल्या दिसतात, पृष्ठांक पुढेमागे सरकतात. आणि क्वचित एखादे जोडाक्षर पडद्यावर होते त्याहून वेगळेच उमटलेले आढळते. या सर्व अनुभवांची वासलात ‘यंत्राचा दोष’ या दोन शब्दांत लावण्याची प्रथा पडली आहे. परिणामी दोन अगदी भिन्न गोष्टी एकाच सदराखाली जमा होतात. अक्षर बारीक दिसणे आणि जोडाक्षर बदलणे यांची जात एक नाही. पहिल्याने वाचकाच्या डोळ्यांना त्रास होईल. दुसऱ्याने लेखकाचे विधानच बदलू शकेल.

पाठचिकित्सेच्या अभ्यासकांना हा विवेक नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तिच्यासाठी शारदा, ग्रंथ, तेलुगू, मल्याळम, देवनागरी अशा अनेक लिप्यांतील पोथ्या ताडून पाहण्यात आल्या. लिपी बदलली म्हणून संपादकांनी पाठ बदलला असे मानले नाही. लिपी तीच असूनही शब्द बदलला तेथे मात्र पाठभेदाची नोंद केली. पडदा आणि कागद यांच्यातील अंतराची चर्चाही याच रीतीने व्हावयास हवी. त्यासाठी अक्षराच्या दिसण्यातील फरकाला ‘रूपभेद’ आणि वाचनात पडणाऱ्या फरकाला ‘पाठभेद’ म्हणणे सोयीचे होईल.

२

पडदा आणि कागद एकसारखे असावेत ही अपेक्षा मुळात आली कोठून? खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याची ती नव्हती. त्याच्यासमोर अक्षरे उलटी असत. मुद्रित हाती येईपर्यंत पान कसे दिसेल हे त्याला अनुभवानेच ताडावे लागे. अपेक्षेचा उगम अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधनकेंद्रात सापडतो. १९७३ साली तेथे ‘आल्टो’ नावाचा संगणक तयार झाला. त्याचा पडदा छापील पानासारखा उभा होता. त्यावर आडवे ६०६ आणि उभे ८०८ बिंदू होते. पुढच्या वर्षी बटलर लॅम्पसन आणि चार्ल्स सिमोनी यांनी त्याच यंत्रासाठी ‘ब्राव्हो’ हे लेखनसाधन घडवले. निरनिराळ्या वळणांची अक्षरे पानावर जशी यावयाची तशी पडद्यावर दिसावीत, ही त्यामागील कल्पना होती. ‘जे दिसते तेच मिळते’ हे या पद्धतीचे ब्रीद बनले, आणि आजची लेखनसाधने त्याच परंपरेतील आहेत.

हे वचन आकर्षक खरे. परंतु त्यात एक गृहीतक दडलेले आहे. पान ही एक पूर्ण झालेली वस्तू असून पडदा व कागद या तिच्या दोन आरशांतील प्रतिमा होत, असे ते गृहीत धरते. वस्तुस्थिती तशी नाही. संगणकातील लेखात अक्षरांची चित्रे नसतात; असतात ते संकेतांक. कोणत्या संकेतांकाला कोणता आकार द्यावयाचा हे फॉन्ट सांगतो. आणि तो आकारही गणिती बाह्यरेषेच्या रूपात असतो, चित्राच्या नव्हे. ती बाह्यरेषा बिंदूंच्या जाळीवर बसवून प्रत्यक्ष अक्षर काढण्याचे काम पडदा आपल्या परीने करतो, मुद्रणयंत्र आपल्या परीने. म्हणजे पडद्यावरील पान हे कागदावरील पानाचे प्रतिबिंब नव्हे. एकाच आज्ञापत्राची ती दोन स्वतंत्र पालने आहेत. एकच चीज दोन गायकांनी म्हटली असता ती दोन ठिकाणी निराळी ऐकू यावी, यात नवल नाही.

या प्रश्नाकडे अधिक सरळपणे पाहणारी दुसरी विचारसरणीही त्याच दशकात जन्मली. डॉनल्ड क्नूथ यांच्या ‘द आर्ट ऑफ कॉम्प्युटर प्रोग्रॅमिंग’ या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाची पहिली आवृत्ती मोनोटाइपच्या धातूच्या अक्षरांत छापलेली होती. १९७७ मध्ये नव्या आवृत्तीची मुद्रिते प्रकाशजुळणीतून आली, तेव्हा त्या अक्षरांनी क्नूथ निराश झाले. यातूनच ‘टेक’ ही जुळणीची आणि ‘मेटाफॉन्ट’ ही अक्षररचनेची प्रणाली उभी राहिली. मेटाफॉन्टमध्ये अक्षर एकदा काढून ठेवले जात नसे; ज्या यंत्रावर ते उमटवायचे त्या यंत्राच्या गुणधर्मांनुसार त्याची आकडेमोड पुन्हा होई. एखादे यंत्र रेषा बारीक काढत असेल तर अक्षर किती अधिक काळे करावे, यासाठीही त्या प्रणालीत स्वतंत्र मूल्य राखलेले आहे. पृष्ठभाग बदलला की अक्षर नव्याने घडवावे लागते, ही कबुली तिच्या रचनेतच आहे. ब्राव्होच्या परंपरेने हेच सत्य वाचकाच्या दृष्टीआड ठेवले. सोय म्हणून ते क्षम्य मानता येईल. सिद्धांत म्हणून ते स्वीकारता येत नाही.

३

रूपभेदाचे पहिले कारण निव्वळ अंकगणिताचे आहे. बारा पॉइंटांचे अक्षर एक इंचाच्या सहाव्या भागाएवढ्या उंचीच्या चौकटीत बसते. इंचाला ९६ बिंदू असलेल्या पडद्यावर त्या चौकटीला १६ बिंदूंची उंची मिळते. इंचाला ६०० बिंदू काढणाऱ्या लेझर मुद्रणयंत्रावर १०० बिंदूंची. चौकट चौरस मानली, तर पडद्याला संपूर्ण अक्षर २५६ बिंदूंत सांगावे लागते आणि कागदाला त्यासाठी १०,००० बिंदू उपलब्ध असतात.

या काटकसरीचा देवनागरीला बसणारा फटका रोमन लिपीपेक्षा मोठा आहे. शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार आणि अनुस्वार; खाली उकार आणि ऋकार; मध्ये अक्षराचे अंग व त्यातील जोडाक्षराची घडण. ‘विद्यार्थ्यांच्या’ हा नित्याचा शब्द घेतला, तरी त्यातील ‘र्थ्यां’ला त्या सोळा बिंदूंच्या चौकटीत आपले सर्व अवयव सांभाळावे लागतात.

एक कल्पित उदाहरण घेतल्यास प्रकार स्पष्ट होईल. एखाद्या फॉन्टमध्ये शिरोरेषेची जाडी चौकटीच्या शंभरांश मापाने ६ आणि उभ्या दंडाची ९ आहे असे समजावे. कागदावर बारा पॉइंटांना शिरोरेषा सहा बिंदू व दंड नऊ बिंदू जाड येईल. बोरूच्या तिरक्या टोकाने लिहिताना उमटणारी जाड-बारीक छटा तेथे टिकून राहील. पडद्यावरील सोळा बिंदूंच्या चौकटीत हीच मापे ०.९६ आणि १.४४ होतात. पूर्ण बिंदूंत बसवताना दोहोंचा एक-एक बिंदू होतो, आणि दोन रेषांतील भेद नाहीसा होतो. अक्षर अठरा पॉइंटांचे केले, की चौकट चोवीस बिंदूंची होते, मापे १.४४ आणि २.१६, म्हणजे एक आणि दोन. आता दंड शिरोरेषेच्या दुप्पट जाड! कागदावर जे प्रमाण दोन्ही आकारांत दीडपट होते, ते पडद्यावर एकदा समान आणि एकदा दुप्पट झाले. फॉन्ट बदललेला नाही, लेख बदललेला नाही. केवळ पूर्णांकांची सक्ती आहे.

ही सक्ती सुसह्य करण्याचे उपाय दोन. १९९१ मध्ये प्रचारात आलेल्या ‘ट्रूटाइप’ पद्धतीत बाह्यरेषेसोबत काही सूचना दिलेल्या असतात. लहान आकारात रेषा कोणत्या बिंदूकडे सरकवावी हे त्या ठरवतात. छपाईत बिंदू विपुल असल्याने त्या सूचनांचा प्रभाव जवळजवळ जाणवत नाही. दुसरा उपाय छटांचा. अर्धा व्यापलेला बिंदू पूर्ण काळा न करता करडा करावयाचा, म्हणजे डोळ्याला कड सलग भासते. १९९८ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीर केलेल्या ‘क्लिअरटाइप’ने सपाट पडद्यावरील प्रत्येक बिंदूचे तांबडा, हिरवा व निळा हे तीन घटक वेगवेगळे वापरून आडवी सूक्ष्मता वाढवली. या उपायांच्या वापरात मतभेदही आहेत. मायक्रोसॉफ्टच्या परंपरेने अक्षर बिंदूंच्या जाळीला जुळवून स्पष्ट करण्याकडे कल ठेवला. ॲपलच्या परंपरेने मूळ आकार जपून थोडी धूसरता पत्करली. म्हणून दोन पडदेदेखील एकमेकांशी जुळत नाहीत. ‘पडद्यावर असे दिसते’ हे विधानच मुळात अपुरे आहे. कोणत्या पडद्यावर, हा प्रश्न शिल्लक राहतोच.

४

दुसरे कारण द्रव्याचे आहे. पडद्यावरील पांढरेपण हा प्रत्यक्ष प्रकाश असतो आणि काळे अक्षर म्हणजे त्या प्रकाशातील अभाव. कागद मात्र खोलीतील प्रकाश परावर्तित करतो, आणि अक्षर हे त्यावर बसलेले द्रव्य असते. शाई पसरते, कागद तिला शोषतो. पडद्यावरचे करडे अक्षर सलग दिसते. एकाच काळ्या शाईच्या छपाईत त्याचे बारीक ठिपके होतात आणि कड खरखरीत बनते.

जुने अक्षरकार हे द्रव्य हिशेबात धरूनच अक्षर घडवीत. धातूच्या काळात पायका आणि ग्रेट हे एकाच चित्राचे लहानमोठे आकार नव्हते. प्रत्येक आकाराचे ठसे निराळे कापले जात, लहान आकारातील रेषा प्रमाणाने जाड आणि अक्षर प्रमाणाने रुंद ठेवले जाई. आजच्या बहुतेक फॉन्टांत सर्व आकारांसाठी एकच बाह्यरेषा असते. त्यामुळे एखाद्या आकारात सुंदर वाटणारे अक्षर दुसऱ्या आकारात अशक्त दिसते. मोनोटाइपच्या ‘बेंबो’ या १९२९ च्या अक्षराची कहाणी बोधप्रद आहे. धातूच्या ठशाने कागदावर दाब देताना शाई बाजूंना पसरत असे आणि बेंबोला त्याची भरदार छटा लाभत असे. संगणकीय रूप सिद्ध झाले तेव्हा हा पसरणारा भाग त्यात आला नाही, आणि छापलेले बेंबो फिके असल्याची तक्रार उठली. अखेर २००५ मध्ये ‘बेंबो बुक’ हे भरदार रूप काढावे लागले. बाह्यरेषा प्रामाणिक होती. परंतु वाचकाने पूर्वी पाहिलेले अक्षर हे बाह्यरेषा अधिक शाई असे मिळून झालेले होते.

याच्या उलट उदाहरण मॅथ्यू कार्टर यांच्या दोन रचनांत मिळते. १९७८ मध्ये अमेरिकेतील दूरध्वनी-सूच्यांसाठी त्यांनी ‘बेल सेंटेनियल’ घडवले. त्या सूच्या हलक्या कागदावर वेगाने छापल्या जात. रेषा जेथे मिळतात तेथे त्यांनी मुद्दाम खाचा ठेवल्या; शाई पसरून त्या बुजाव्यात आणि अक्षर पूर्ण व्हावे अशी ती योजना होती. तेच अक्षर मोठे करून पडद्यावर पाहिले, तर उंदराने कुरतडल्यासारखे दिसते. उलट १९९६ च्या ‘व्हर्डाना’त कार्टर यांनी आधी पडद्यावरील बिंदूंत अक्षरे बसवली आणि नंतर त्यांभोवती बाह्यरेषा काढल्या. लहान आकारात पडद्यावर अत्यंत सुवाच्य असणारे हे अक्षर छापील ग्रंथात अघळपघळ वाटते. एकाच कलावंताच्या या दोन कृती परस्परांच्या जागी ठेवल्या की दोन्ही फसतात, आणि तरीही दोन्ही आपापल्या जागी यशस्वी आहेत.

देवनागरीत ‘मंगल’ या फॉन्टचे मूल्यमापन याच कसोटीवर व्हावयास हवे. र. कृ. जोशी (१९३६–२००८) हे सुलेखनकार आणि कवीही होते. बोरूची लय त्यांना अपरिचित होती असे कोणी म्हणणार नाही. विंडोज २००० बरोबर घरोघर पोहोचलेल्या मंगलमध्ये मात्र त्यांनी रेषांची जाडी बरीचशी समान ठेवली, अक्षरांची पोटे मोकळी ठेवली. वर गणिताने दाखवलेला पडद्याचा स्वभाव पाहता हा निर्णय योग्यच म्हणावा लागतो; जी जाड-बारीक छटा पडदा नष्टच करणार होता, तिच्यावर अक्षराची भिस्त त्यांनी ठेवली नाही. पुढे शेकडो पानांचे प्रबंध त्याच अक्षरात छापले जाऊ लागले. तेथे ते भरड आणि ओळींतील अंतर सैल वाटते. हा दोष रचनाकाराच्या पदरी टाकणे अन्यायाचे होईल. पडद्यासाठी घडवलेले अक्षर ग्रंथासाठी निवडले, येथे चूक निवडीची आहे.

५

येथवरचा विचार रूपभेदाचा झाला. कारण कळले की त्याचा जाच संपतो. पाठभेदाचे तसे नाही, आणि संशोधकाचे खरे लक्ष तेथेच असावयास हवे.

फॉन्ट हा लेखाचा भाग नसतो. लेखात असते ते केवळ त्याचे नाव. दुसऱ्या यंत्रावर त्या नावाचा फॉन्ट नसेल, तर यंत्र गुपचूप दुसरा वापरते. हा प्रकार जुना आहे. १९८५ च्या ‘लेझररायटर’ या मुद्रणयंत्रात काही फॉन्ट आतच बसवलेले होते. पुढे संगणकावर ‘एरियल’ निवडले असता अशा यंत्राने ‘हेल्व्हेटिका’ छापावे, अशी अदलाबदल रूढ झाली. दोहोंतील अक्षरांच्या रुंदी समान असल्याने ओळी मोडत नसत आणि कोणाच्या ध्यानातही येत नसे. रोमन लिपीत अशी अदलाबदल बहुधा रूपापुरती राहते. देवनागरीत जोडाक्षरे बांधण्याची जबाबदारी फॉन्टवर असल्याने अदलाबदल अक्षराच्या घडणीपर्यंत जाते.

सौम्य उदाहरण ‘ल’ आणि ‘श’ यांचे. मराठीत पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श रूढ आहेत. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या निर्णयानेही त्यांनाच मान्यता दिली. युनिकोडमध्ये मात्र हिंदी आणि मराठी ‘ल’ यांना एकच संकेतांक आहे. कोणते वळण काढायचे हे फॉन्टवर आणि लेखाची भाषा मराठी म्हणून नोंदली आहे की नाही यावर अवलंबून राहते. एका प्रणालीने ती नोंद पाळली आणि दुसरीने दुर्लक्षिली, तर त्याच फॉन्टमधून पडद्यावर मराठी ‘ल’ आणि कागदावर हिंदी ‘ल’ निघू शकतो. हा अद्याप रूपभेदच होय. पण सांस्कृतिक अर्थ असलेला रूपभेद.

‘ऱ्य’च्या बाबतीत सीमा ओलांडली जाते. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना बोलावले’ आणि ‘आचाऱ्यांना बोलावले’ यांत मठ आणि मुदपाकखाना यांचे अंतर आहे. संगणकात हा आडव्या वळणाचा र दोन रीतींनी लिहिता येतो. एका रीतीत ‘ऱ’ या स्वतंत्र संकेतांकाचा आधार घेतला जातो. दुसरीत साध्या र आणि हलन्त चिन्हानंतर एक न दिसणारे सांधणारे चिन्ह घातले जाते. मजकूर एका साधनातून दुसऱ्यात नेताना अदृश्य चिन्हे निरुपयोगी समजून गाळली जाण्याचा संभव असतो. ते एक चिन्ह गेले, की दऱ्यांचा दर्या होतो. मुद्रितशोधकाला पडद्यावर शुद्ध दिसलेला शब्द कागदावर दुसरा शब्द होऊन येतो. आणि तोही कोशात सापडणारा, म्हणून संशय न जागवणारा. पोथ्यांच्या लेखनिकांकडून होणाऱ्या प्रमादांत हाच प्रकार सर्वांत घातक मानला जाई. ‘ॲ’ची कथा त्या मानाने निरुपद्रवी म्हणावी. या अक्षराला स्वतंत्र संकेतांक २००८ मध्ये मिळाला; त्याआधीच्या फॉन्टमध्ये त्याच्या जागी रिकामी चौकट उमटते. चौकट निदान आपण चूक आहोत हे सांगते.

यापुढील अवस्था उफराटी आहे. युनिकोडची पहिली आवृत्ती १९९१ ची, आणि तिच्यात देवनागरीचा समावेश होता. तरीही त्यानंतर कित्येक वर्षे मराठी मजकूर अशा फॉन्टांत जुळवला गेला, की ज्यांत रोमन अक्षरांच्या संकेतांकांवर देवनागरी आकार बसवलेले होते. तो फॉन्ट असलेल्या यंत्रावर पान निर्दोष दिसते व निर्दोष छापले जाते. फॉन्ट काढून घेतला, की मागे उरतात ती अर्थहीन रोमन अक्षरे. १९९३ मध्ये आलेल्या पीडीएफ पद्धतीने फॉन्ट लेखातच गोवून ठेवण्याची सोय केली. त्यामुळे पडदा आणि कागद यांचे रूप पुष्कळच जुळले. पण अशा पीडीएफमधून उतारा उचलला, तर मराठीचे एक अक्षर हाती लागत नाही. युनिकोडमधील पीडीएफही सर्वस्वी निर्धोक नाही. ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी दिसते, पण संकेतक्रमात ती व्यंजनानंतर येते. पीडीएफ आकारांचा दृश्य क्रम जपत असल्याने उतारा काढताना ती भलत्या अक्षराला चिकटू शकते. म्हणजे येथे रूपैक्य पूर्ण आहे आणि पाठ हरवलेला आहे. जे दिसते तेच मिळते, या ब्रीदाचा याहून मोठा पराभव कोणता?

६

यावर एक आक्षेप संभवतो. पडदे आता दाट झाले आहेत. २०१० च्या एका दूरध्वनिसंचातच इंचाला ३२६ बिंदू होते. सूक्ष्मता आणखी वाढली की पडदा आणि कागद यांतील भेद आपोआप मिटेल, मग या चर्चेचे प्रयोजन काय? आक्षेपातील तथ्यांश मान्य करावा लागेल: पूर्णांकांची सक्ती सैल होत आहे, आणि तिसऱ्या भागातील गणित काही काळाने इतिहासजमा होईल. परंतु त्याने मिटेल तो रूपभेद; तोही प्रकाश आणि शाई यांचे अंतर वगळून. बिंदू कितीही दाट झाले तरी गळालेले सांधचिन्ह परत येणार नाही, आणि रोमन संकेतांकांवर बेतलेला मजकूर मराठी होणार नाही. उलट रूप जितके निर्दोष, तितका पाठाविषयीचा संशय कमी. हा धोका वाढतच जाणारा आहे.

दुसरा आक्षेप असा, की हा विषय तंत्रज्ञांचा आहे, भाषाविभागाचा नव्हे. तंत्रज्ञ बाह्यरेषा आणि बिंदू पाहील. पण ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ यांतील कोणता शब्द लेखकाचा, हे तो सांगू शकत नाही. हा निर्णय भाषेच्या अभ्यासकाचाच आहे, आणि म्हणून मुद्रिते दोनदा तपासण्याची शिस्त त्याने अंगी बाणवावी हे श्रेयस्कर. कागदावरील वाचनाने रूप तपासावे. संगणकात तोच शब्द शोधून पाठ तपासावा. कागदावर असलेला शब्द शोधात सापडला नाही, तर तो केवळ चित्र आहे, पाठ नव्हे. प्रबंध सादर करताना गोवलेल्या फॉन्टच्या पीडीएफसोबत युनिकोडमधील मूळ मजकूरही जतन करणे, लेखाची भाषा मराठी म्हणून नोंदणे आणि ‘ऱ्य’साठी स्वतंत्र ‘ऱ’ वापरणे, एवढ्या तीन गोष्टी पाळल्या तरी पुष्कळ हानी टळेल.

पोथीचा लेखनिक, छापखान्याचा जुळारी आणि आजचे लेखनसाधन हे तिघेही पाठ आणि वाचक यांच्यामधील मध्यस्थ आहेत. पहिल्या दोघांवर विद्वानांनी कधी डोळे मिटून विश्वास ठेवला नाही. त्यांच्या प्रमादांचे वर्गीकरण केले, आणि त्यातून पाठचिकित्सा हे शास्त्र उभे राहिले. तिसऱ्याच्या बाबतीत ही सावधगिरी सुटण्याचे कारण एवढेच, की त्याचे हस्ताक्षर सुरेख आहे. हस्ताक्षराच्या सौंदर्यावरून प्रतीची विश्वसनीयता ठरवू नये, हा जुना धडा येथेही तसाच लागू पडतो.